डावखुरा टाका

मी, मोहिद्दीन अब्दुल करीम सोलकर, वय वर्षं चौसष्ट, धंदा शिंपीकाम, मूळ राहणार साखरतर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम अल कुसैस, दुबई, अल्लाचं नाव घेऊन हे लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणताना तो माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात थरथरत नाही, काल चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून पाहिला. मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालणारे सगळे उलट बाजूचे आहेत, ते पुढे येईलच.

वकिलाने इंग्रजीत करून देतो म्हटलं होतं. मी म्हटलं, खलास, माझं मरण मला समजेल अशा भाषेत असू दे. सातवीपर्यंत मराठी शाळेत मार खाल्ला आहे, तो कधी कामी यायचा?

१. आमच्या शरियतप्रमाणे दोन तृतीयांश मालमत्तेची वाटणी आधीच ठरलेली आहे. बायको मैमुनाबी, मुलगा ताहा, मुलगी सुमैय्या, ज्याचा हिस्सा त्याला. त्यात मला लुडबूड करता येत नाही. करता आली असती तर हा कागद चार ओळींत आटपला असता. माझ्या मर्जीचा फक्त उरलेला तिसरा वाटा, आणि तोसुद्धा वारसांना सोडून इतरांना. वारसाला त्यातलं काही द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मी वारसाला त्यातलं काही देत नाही, तरी पुढे वाद नको म्हणून शेवटी त्यांच्या सह्यांसाठी जागा ठेवली आहे.

२. साखरतरच्या घरातून मैमुनाबीला कोणी हलवू नये. ही वाटणी नाही, विनंती आहे. बाईने छत्तीस वर्षं नवरा फोनवर सांभाळला. मी वर्षातून तीस दिवसांचा पाहुणा, त्यातले दहा दिवस लोकांच्या लग्नांत. मैमुना, तुझ्याशी नीट बसून बोलायचं राहून गेलं.

३. आमच्या अब्बांची पितळी मुठीची कात्री धाकटा भाऊ फैज याच्याकडे आहे. त्या कात्रीने त्याने कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा कापला. शिंप्याची कात्री! पत्रा! त्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली, मी अजून माफ केलेलं नाही आणि ऑपरेशनच्या भीतीनेही करणार नाही. ती कात्री त्यालाच राहू दे. मात्र माझं जुनं काळं पायमशीन त्याची मुलगी सबा हिला द्यावं. सबा, तुझा हात चांगला आहे. बापाला मशीनजवळ फिरकू देऊ नकोस.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला बसलो ते.

आमचे अब्बा डावखुरे. खिसा लावला की त्याच्या वरच्या कोपऱ्यात टीप उसवू नये म्हणून शिंपी छोटा त्रिकोण मारतो. सगळ्यांचा त्रिकोण सरळ असतो, नाहीतर उजवीकडे कलतो. अब्बांचा डावीकडे कलायचा. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलो, त्यामुळे उजव्या हाताचा असूनही माझा डावीकडेच कलतो. ताहालाही मी तोच शिकवला. साखरतरमध्ये आजही लोक जुना सदरा हातात घेऊन सांगतात, हा करीमभाईंच्या घरातला. आम्ही कधी लेबल लावलं नाही. तो त्रिकोणच आमची सही.

सन २०२२ मध्ये माझ्या इथल्या दुकानात एक गोरा माणूस आला. नाव सांगितलं नाही, सगळे त्याला कॅप्टन म्हणत. आफ्रिकेतल्या एका देशात सोन्याच्या खाणीवर पहारेकरी पुरवणारी त्याची कंपनी होती. आमच्या इस्त्रीवाल्या इद्रीसचं गणगोत अजून तिथे आहे, म्हणून देशाचं नाव लिहीत नाही. सहाशे गणवेश हवे होते. नमुन्याचा शर्ट त्याने टेबलावर टाकला. "सिक्युरिटी, बाबा, ओन्ली सिक्युरिटी."

मी शर्ट उलटा केला. बाहीवर चौकोनात सुईची भोकं होती, तिथून झेंडा उसवलेला होता. म्हणजे शर्ट कुठल्या तरी लष्कराचा. चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला हे कळत नाही असं कोणी म्हणू नये. कळलं, आणि मी गप्प बसलो.

त्याला तीनशे शर्टांवर कंपनीचा बॅज हवा होता आणि तीनशेवर त्या देशाचा झेंडा. तिथल्या जवानांना आम्ही ट्रेनिंग देतो, म्हणाला. तेव्हा मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, "कॅप्टन, बॅज शिवू नका. बाहीवर वेल्क्रोची पट्टी लावतो. सहाशेच्या सहाशे शर्ट एकसारखे. हवा तेव्हा हवा तो बॅज चिकटवा." तो हसला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि बॅजचे दोन्ही संच सहाशे-सहाशे करायला सांगितले. ही अक्कल त्याची नव्हती, माझी होती. ज्याला या कागदातलं इतर काही वाचायचं नसेल त्याने एवढं तरी वाचावं.

माल जबल अली बंदरातून जहाजावर चढला. मी त्या पैशांत घेतलेल्या नव्या ओव्हरलॉक मशीनवर खूश होतो.

५. इद्रीस आमच्या दुकानात इस्त्रीला आहे, नऊ वर्षं झाली. तो त्याच देशाचा. ते झेंड्याचे बॅज इस्त्री करताना त्याने पहिला बॅज उचलून ओठांना लावला होता. मी चिडवलं, "यल्ला, पप्पी बाद में, पहले इस्त्री." सगळे हसलो.

कंपनीच्या लोकांबद्दल तो कधीकधी सांगायचा. खाण सांभाळायला म्हणून आले. मग रस्त्यावर नाका बसवला. मग राष्ट्राध्यक्षाच्या दाराशी त्यांचाच पहारा, आणि आता मंत्रीसुद्धा त्यांना विचारून पाणी पितात. पगार सोन्यात. कोणी तक्रार केली तर ऐकायला ठाण्यात बसलेला माणूसही त्यांचाच. आम्ही चहा पीत ऐकायचो आणि "या अल्ला" म्हणून पुन्हा मशीनवर बसायचो.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका सकाळी तो फोन घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या गावाजवळ सोनं काढायच्या विहिरी आहेत. कंपनीचे लोक येणार म्हणून गावाने चार दिवस वाटा झाडं टाकून अडवल्या होत्या. पाचव्या दिवशी दुपारी माणसं आली, बाहीवर देशाचा झेंडा. गावाला लांबून वाटलं, आपलं लष्कर आलं, सुटलो. त्यांनी स्वतःच्या हाताने झाडं बाजूला केली. इद्रीसची आई पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली. एकतीस माणसं मेली, त्यांत पहिली तीच.

त्याच्या बहिणीने ज्वारीच्या कणगीमागून फोटो काढला होता. एक गोरा सैनिक आईच्या दारात उभा, बाहीवरचा झेंडा अर्धा सुटून लोंबलेला. इद्रीसने फोटो मोठा केला आणि त्या सैनिकाच्या खिशावर बोट ठेवलं.

"उस्ताद, ये टाका अपना है क्या?"

त्रिकोण डावीकडे कललेला होता. माझ्या अब्बांचा.

मी म्हटलं, "नहीं रे. ऐसा टाका तो बहुत लोग मारते हैं."

त्याने मान हलवली, फोन खिशात घातला, आणि जाऊन इस्त्री तापवली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. दीड वर्ष झालं, रोज सकाळी तो मला सलाम करतो, आणि रोज तो सलाम मी घेतो. मी हरामखोर आहे, इद्रीस. दुकान जाईल, व्हिसा जाईल, ताहाचं काय होईल, या भीतीने मी तुझ्या आईच्या दारात उभं राहून खोटं बोललो.

म्हणून माझ्या तिसऱ्या वाट्यातून इद्रीसला पुढील वस्तू द्याव्यात. कॅप्टनने टाकलेला नमुन्याचा शर्ट, भोकांसकट. त्या वर्षाची मापवही. तिच्यात स्वतः येऊन माप दिलेल्या कंपनीच्या अठ्ठावीस माणसांची नावं आणि छाती-कंबर माझ्या अक्षरात आहे. उरलेले नऊ बॅज. ऑर्डरचे कागद. आणि माझ्या हातचा एक खिसा, त्रिकोणासकट, ओळख पटवायला. हे सगळं निळ्या गाठोड्यात माझ्या पलंगाखाली आहे. त्याच्या देशातले काही वकील त्या गावाच्या साक्षी गोळा करतात असं तो म्हणाला होता. त्यांना द्यायचं की आणखी कोणाला, ते त्याने ठरवावं. हे त्याला माझ्या मृत्यूनंतर द्यावं. आधी देण्याची माझी छाती नाही, आणि जी आहे ती सोमवारी फाडणार आहेत.

६. ताहा. कॅप्टन गेल्या महिन्यात पुन्हा आला. आता नऊशे गणवेश, शेजारच्या दुसऱ्या देशाचा झेंडा, वेल्क्रो तीच. मी नाही म्हटलं. ताहाने माझ्या माघारी त्याला हो म्हटलं. मी त्याला घरी बसवून वरचं सगळं सांगितलं, फोटोसकट. त्रिकोण कसा ओळखू आला तेही सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अब्बा, इट्स जस्ट क्लोथ्स. वी डोन्ट पुल द ट्रिगर."

मी म्हटलं, "ट्रिगर नाही रे, दार. दार आपण उघडलं."

"सो व्हॉट डू यू वॉन्ट? शट द शॉप?"

हो, तेच. दुकानातला तुझा हिस्सा मी काढून घेऊ शकत नाही, तो अल्लाने दिलेला आहे. पण गणवेश बेतायचे पुठ्ठ्याचे फर्मे माझे आहेत. ते मी शेजारचे मशीन मेकॅनिक रामेश्वर यांच्याकडे ठेवले आहेत, आणि मी मेल्यावर त्यांनी ते जाळावेत. बाळा, फर्मे नसले तर नवे कापता येतात, हे मलाही कळतं. मी फक्त तुला पुन्हा एकदा विचार करायला लावतो आहे. हे शर्ट शिवू नकोस. बापाचं एवढं ऐक.

७. जिथे मरेन तिथे पुरावं, विमानातून गावी नेण्याचा खटाटोप करू नये. कफनाचं कापड कपाटात आहे. ते फाडून घ्यावं, टाका घालू नये, हे सांगायला नको. पण ताहाला इथे कोणी मयत पाहू दिलेली नाही, म्हणून लिहितो. कबरीत मला उतरवायला ताहाने स्वतः उतरावं. बाकी कोणीही येवो न येवो.

वाचून पाहिलं, खाडाखोड नाही, सही केली.

मोहिद्दीन अब्दुल करीम सोलकर
अल कुसैस, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार: रामेश्वर विठोबा गोरे, मशीन मेकॅनिक. मुश्ताक उमर होडेकर, टॅक्सीचालक.
(इद्रीसला वस्तू द्यायच्या आहेत, म्हणून त्याला साक्षीला घेतलेलं नाही.)

वारसांची संमती:
मैमुनाबी: फोनवर हो म्हणाली, सही गावी घ्यावी.
सुमैय्या: सही पाठवली आहे.
ताहा:

पुरवणी

आज शुक्रवार. नमाजनंतर घरी न जाता दुकानात गेलो. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, पण आत मशीन चालू होतं. ताहा एकटाच होता. टेबलावर कापडाचे थर, नवे फर्मे, बाहीवर वेल्क्रो. पंधरा-वीस शर्ट शिवून झाले होते.

मी एक उचलला आणि खिसा पाहिला. त्रिकोण उजवीकडे कललेला होता.

दुसरा पाहिला. उजवीकडे. तिसरा, उजवीकडे. माझ्या मुलाने लहानपणापासूनचा हात मोडून नवा टाका बसवला होता, आणि फार सफाईने बसवला होता. त्याने माझी सगळी गोष्ट ऐकली होती. त्यातून एवढंच घेतलं होतं.

"नाऊ नोबडी विल नो, अब्बा," तो म्हणाला. मला खूश करायलाच म्हणाला, हे जास्त वाईट.

म्हणून पुढील बदल करतो. कलम ५ मध्ये मृत्यूनंतर असं लिहिलं आहे ते रद्द. मी त्यातला एक शर्ट उचलला, घरी येऊन निळ्या गाठोड्यात ठेवला, आणि माझ्या खिशाशेजारी त्याचा खिसा टाचून खाली लिहिलं: हा टाका ताहा मोहिद्दीन सोलकर याचा, ओळखणारा त्याचा बाप. यात माझा मुलगा अडकेल, हे मला कळतं. मैमुना, मला माफ कर.

संध्याकाळी दुकान उघडल्यावर ते गाठोडं इद्रीसच्या हातात दिलं. त्याला मराठी येत नाही, म्हणून कलम ४ आणि ५ मीच हिंदीत वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "उस दिन आपको मालूम था, उस्ताद?"

"हां."

त्याने इस्त्री उभी केली, प्लग काढला, वायर नीट गुंडाळली. गाठोडं काखेत मारून निघून गेला. सलाम केला नाही.

कलम ७ मधला ताहाचा हक्क मी काढून घेतो. कबरीत मला इद्रीसने उतरवावं. त्याने नाही म्हटलं तर कोणी त्याची समजूत घालू नये. कबर खोदणाऱ्यांनीच मला खाली ठेवावं.

मोहिद्दीन अब्दुल करीम सोलकर
अल कुसैस, १७ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार: रामेश्वर विठोबा गोरे. मुश्ताक उमर होडेकर.
ताहाची संमती: मागितली नाही.