आई पाण्यातच असते

९ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! झूटरमेरच्या सहाव्या मजल्यावरून थेट समुद्राकाठी. घर काडेपेटीएवढं आहे, आणि जिना इतका उभा की सोफा दोरीने बांधून खिडकीतून वर घ्यावा लागला. निहार खाली उभा राहून अस्सल पुणेरी मराठीत सूचना देत होता आणि सामान आणणारे दोघे डच दांडगे मान हलवून आपल्याला हवं तेच करत होते. हसून हसून पोट दुखलं. किती महिन्यांनी हसतेय ते लक्षात आलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाळूच्या टेकड्या दिसतात. त्या ओलांडल्या की समुद्र. आर्याने आल्या आल्या बूट फेकले आणि धूम ठोकली. सहा वर्षांची बया, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते आणि वर माझे उच्चार सुधारते. केसांना खोबरेल लावायला मात्र आपण होऊन मांडीत येऊन बसते. तेवढी मराठी आहे अजून.

ही वही आमच्या हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांची कृपा. इथले डॉक्टर पाय मोडला तरी पॅरासिटामॉल देतात अशी आपल्या लोकांत थट्टा चालते. जूनमध्ये बाळ गेलं तेव्हा मात्र त्यांनी गोळी नाही दिली, रोज चार ओळी लिहा म्हणाले. आठवा महिना होता. डोहाळजेवण झालेलं. मुलगा होता. त्याच्या हातांची बोटं निहारसारखी लांब

नको, आज नको. आज घर लागलंय, कुकरची पहिली शिट्टी झालीय. वरणभात खाऊन झोपायचं.

१७ नोव्हेंबर

शेजारची माराइका सफरचंदाचा केक घेऊन स्वागताला आली आणि जाताना मला नोकरी लावून गेली. बिनपगारी! साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त झालेली, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. ती आणि तिची मंडळी किनाऱ्यावर येणाऱ्या सीलची राखण करतात.

काम सोपं आहे. हिवाळ्यात राखाडी सीलच्या माद्या इथे वाळूवर वितात. पिल्लू पांढरंशुभ्र, गुबगुबीत. आई मधूनमधून पाण्यात जाते, आणि पिल्लू एकटं दिसलं की लोकांना उमाळे फुटतात. कोणी सेल्फी काढतं, कोणी कुत्रा सोडतं, कोणी पाणी ओततं, कोणी बिचारं म्हणून पांघरूण घालतं. आई कुठे गेलेली नसते. पाण्यातच असते, डोकं वर काढून सगळं बघत असते. पण माणसं हटेपर्यंत ती बाहेर येत नाही. फार वेळ गेला तर निघून जाते, आणि पिल्लू उपाशी मरतं. म्हणून दोरी लावायची, लांब उभं राहायचं आणि लोकांना गोड बोलून हाकलायचं. आपणही जवळ जायचं नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही, कारण आई पिल्लाला वासावरून ओळखते.

निहार म्हणाला, लोकांना हटकायचं काम आणि तेही फुकट, हे तर तू कोथरूडमध्ये असल्यापासून करत्येस. मेला! पण केशरी जाकीट आवडलं मला. मोठे खिसे आहेत, ही वही मावते.

३ डिसेंबर

आलं! आमच्या घरासमोरच्याच किनाऱ्यावर पिल्लू आलं! माराइकाने दुर्बीण दिली. काय डोळे गं बाई, काळेभोर, सतत पाणावलेले. आई त्याच्या नाकाला नाक लावून किती वेळ नुसती हुंगत होती. मग कुशीवर वळून दूध दिलं. आर्या दोरीच्या बाहेर मांडी घालून बसली आणि चक्क कुजबुजत बोलली. तिला गप्प बसवायला आजवर काहीच उपयोगी पडलं नव्हतं.

संध्याकाळी पिल्लू ओरडलं. हुबेहूब तान्ह्या बाळासारखं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. छातीत एकदम कळ आली आणि ब्लाऊज भिजला. जूनमध्ये असाच पान्हा फुटला होता आणि घरात प्यायला कोणी नव्हतं. निहारला सांगितलं नाही. तो रडला असता, आणि मग आम्ही दोघंही

पोळी करपली.

८ डिसेंबर

आज दिवसभर गारा. आई पाण्यात गेली होती आणि तेवढ्यात कुठल्याशा सहलीची बसभर माणसं आली. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. गेली शेवटी. पण आई बाहेर येईना. लाटांत तिचं डोकं दिसत होतं, माझ्याकडेच बघत होतं. पिल्लू उघड्यावर, अंगावर गारा, आणि ओरडत होतं, ओरडत होतं.

माझ्या पर्समध्ये दुपटं असतं. माझ्या आईने तिच्या मऊ झालेल्या सुती साडीचं शिवून पुण्याहून पाठवलेलं. आपल्याकडे बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात ना, म्हणून. जूनमध्ये ते बाळाला शेवटचं गुंडाळलं होतं. नर्सने सोडवून माझ्या हातात दिलं. मी ते अजून धुतलेलं नाही.

मला नियम ठाऊक होता. दहा जणांना मीच शिकवलाय. पण आपल्यात बाळ उघडं टाकत नाहीत हो. मी दोरीखालून गेले, त्याला दुपटं पांघरलं, कडा खाली खोचल्या, टाळूवर हात ठेवला. ऊबदार होतं. ते गप्प झालं. इतकं बरं वाटलं मला, इतकं बरं वाटलं. मी चक्क अंगाई म्हटली.

मान वर केली तर आई अगदी काठाशी आलेली. नाक वर करून वारा हुंगत होती. मग वळली आणि गेली.

११ डिसेंबर

गेलं पिल्लू.

माराइका माझ्यासमोर चष्मा काढून पुसत बसली. तिने झापलं असतं तर बरं झालं असतं. काल आई एकदा वाळूवर आली होती म्हणे, पिल्लाच्या नाकाला नाक लावलं, हुंगलं आणि परक्यासारखी मागे सरकली. ते तिच्यामागे सरपटत गेलं. माराइकाने दुपटं त्याआधीच काठीने काढलं होतं, पण वास कसा काढणार.

मी मारलं त्याला. मायेने मारलं. दुपटं शोधलं, सापडलं नाही. भरतीने नेलं असणार. आता माझ्याकडे बाळाचं काहीच उरलं नाही.

१४ डिसेंबर

मादी गेलेली नाही. माराइका म्हणते, पिल्लू गेल्यावर त्या थांबत नाहीत. ही थांबलीय. रोज घरासमोर पाण्यात डोकं असतं. पिल्लू होतं तिकडे बघतच नाही. आमच्या खिडकीकडे बघते.

१६ डिसेंबर

शाळेतून आल्यावर आर्या मागच्या अंगणात खेळत होती. हाक मारली तर आली, आणि खांद्यावर दुपटं. ओलं. मिठाने ताठ झालेलं. कुठे मिळालं विचारलं तर म्हणाली, तिने दिलं. ती कोण? पाण्यातली आई, असं डचमध्ये म्हणाली, आणि हसून सांगितलं की तिने माझ्या नाकाला नाक लावलं, गुदगुल्या झाल्या.

अंगणापासून टेकडीपर्यंत वाळूवर काही जड सरपटत गेल्यासारखा रुंद पट्टा उमटलाय. निहार म्हणतो, कोणी तरी होडी ओढली असेल. इथे होडी कोणाची आहे रे बाबा?

१७ डिसेंबर

आर्याला वास येतोय. खारा, माशाच्या तेलाचा, खोल कुठून तरी येणारा. न्हाऊ घातलं, उटणं लावलं, शिकेकाई लावली. केसांना खोबरेल चोपडलं. तिची मान हुंगली, जिथे ती जन्मल्यापासून तिचा वास असतो, झोपेचा आणि दुधाचा.

तिथे ती नव्हती.

निहारने हुंगलं. शिकेकाईचा वास येतोय म्हणाला. मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिलं त्याने.

१८ डिसेंबर

आर्याने मिठी मारली आणि मी मागे सरकले. ठरवून नाही. अंगच सरकलं, चटका बसल्यासारखं. तिचा चेहरा पडला. तिने पुन्हा हात पसरले. मी भिंतीला टेकले.

देवा, माझी पोर आहे ती. बावीस तास कळा देऊन मिळवलेली. हात पुढे करते तर हात जात नाहीत.

मी घाबरलेय. त्या मादीला नाही घाबरत.

१९ डिसेंबर

पुण्याला आईला फोन केला. सांगता सांगता रडले. आई म्हणाली, मीठमोहऱ्यांनी पोरीची दृष्ट काढ, आणि मृण्मयी, तिला पोटाशी घेऊन झोप. आईला कसं सांगू की तेच जमत नाहीये.

दृष्ट काढली. मुठीतल्या मोहऱ्या तव्यावर टाकल्या. तडतडल्या नाहीत. ओल्या होत्या. नव्या पाकिटातल्या.

दुपटं कचऱ्यात टाकलं होतं. आर्याच्या उशीखाली आहे.

२० डिसेंबर

बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं. मी भाजी चिरत होते. कोणाचं असेल, आई कुठे कडमडलीय याची, असं मनात आलं. चिरतच राहिले.

निहार धावत खाली आला. आर्या होती. स्वयंपाकघरातच. माझ्या पायाशी. गुडघा फुटला होता.

तो तिला उचलून वर घेऊन गेला. त्याला उचलता येतं तिला. मला

आणि पाण्यातून ती मादी ओरडली तेव्हा ब्लाऊज भिजला. आर्यासाठी नाही भिजला. तिच्यासाठी

२१ डिसेंबर

निहारने सलोनीला फोन केला. आमची झूटरमेरची जुनी मैत्रीण, आता नीउ-व्हेनेपला असते. आर्याला उद्या तिच्याकडे सोडणार. थोडे दिवसच, म्हणाला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तू आजारी आहेस, तुझं काही चुकलेलं नाही. मग खूप रडला.

आर्या गेली तर मला ती पुन्हा ओळखू येणार नाही — हे कळतंय मला. जसं त्या मादीला तिचं पिल्लू —

शब्द विसरायला होतं. पोळपाटाला काय म्हणतात ते सकाळी आठवेना. लिहीत राहायला हवं.

२२ डिसेंबर

दुपार. निहार गाडीत बॅग ठेवत होता तेवढ्यात आर्या पळाली. टेकडीवरून. दुपटं पांघरून.

मी मागे. जाकीट अंगात आहे, वही खिशातून हातात. लिहीत राहिले तर शब्द राहतील.

पिल्लू होतं तिथेच बसलीय. रडतेय. आई, आई म्हणतेय. मराठीत.

जवळ जाता येत नाही — पाय पाण्याकडेच जातात. गुडघाभर पाण्यात आहे. गार लागत नाही. बाजूला ती मादी आहे. डोकं वर काढून. दोघी बघतोय.

हाक मारली. आर्या म्हणायचं होतं — वेगळंच काही तरी आलं तोंडातून — लांबलचक —

वारा फिरला.

वास आला. खोबरेल — झोप — दूध — मानेचा तो — आर्याचा. माझ्या आर्याचाच! आली ओळखू! आले गं सोने, आले, तिथेच थांब —

माणसं आली. कुठून आली एवढी. तिच्याभोवती उभी राहिली. मोबाइल. कुत्रा. बिचारी, हिची आई कुठेय, असं विचारतायत. निहार टेकडीवरून धावतोय, लांब आहे अजून.

आई इथेच आहे. पाण्यात. हटा ना तुम्ही — हटल्याशिवाय मला येता येत नाही — दोरी लावा कोणी तरी —

एक बाई आपला कोट काढतेय. चांगली आहे बिचारी. आर्याला गुंडाळतेय, कडा खोचतेय —

नको — बाई, हात नका लावू — पाया पडते — वास जाईल तिचा, मग मला ती