ऑर्चर्डिस्ट म्हणजे कोण, आप्पा?

प्रिय आप्पा,

काल तुमचं दहावं झालं. घरात सगळे तुमच्याबद्दल 'होते' म्हणतात आणि मी दर वेळी दचकते. तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपलं शेवटचं बोलणं आठवतं? तुम्ही आपल्या आंब्याच्या वाडीतूनच फोन केला होता. "सुमन, तू शाळंत इंग्रजी शिकवतेस ना? आर्चडिस म्हंजे काय गं? फार्महाऊसला जागा बघाया आलेला मुंबईचा साहेब मला तसं म्हनला. शिवी तर नाय ना?"

मला हसू आवरेना. ऑर्चर्ड म्हणजे फळबाग, ती राखणारा तो ऑर्चर्डिस्ट, असं मी सांगितलं. शब्द फार जुना. त्यातला शेवटचा भाग म्हणजे यार्ड, कुंपणातली जागा. पहिला भाग कुणी लॅटिनमधल्या बागेवरून आला म्हणतं, कुणी झाडपाल्याच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून.

तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे कुंपनातली झाडं. आपली वाडीच की गं. मंग वाडीवाला म्हनायचं, येवढं फिरून कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "तुझा बा आंब्याखाली बसलाय. हाका मारतोय, उठत नाय गं." नेरळहून गावी, भिसेगावला पोचेपर्यंत मला वाटत होतं, चक्कर आली असेल. अंगणात चपलांचा ढीग दिसला, तरी मी आत जाऊन विचारलं, "आप्पांना पाणी दिलंत का?" काकांनी मला जवळ घेतलं.

काका म्हणतात, दोन दिवस तुमच्या छातीत दुखत होतं. मग मला का नाही सांगितलंत? एका शब्दाचा अर्थ विचारलात आणि हे तेवढं लपवलंत?

काल तो साहेब आला. "मोठे ऑर्चर्डिस्ट होते," म्हणत हात जोडले आणि चहा संपायच्या आत जागेचा भाव विचारला. दहाव्याच्या दिवशी, आप्पा! "विकायची नाही," एवढंच म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

तो गेल्यावर लाडकी आली, दरसाल तुमचे आंबे उतरवणारी, ठाकूरवाडीतली. दारातच उभी राहिली. "ताय, फळ तयार झालंय. आता इचारू कुनाला?"

मी आंबे काढायचा झेला कधी हातात धरलेला नाही. तरी म्हटलं, "मला."

आप्पा, येत्या रविवारी आंबे उतरतील तेव्हा मी झाडाखाली उभी असेन. काही चुकलं तर लाडकी ओरडेल. ओरडू दे. मी शिकेन.

तुमची,
सुमन