राहूच्या नवरीचा चुडा

शायनाचे अब्बा,

मी राहू गावाला एका नवरीला चुडा भरायला चालले हाय. भाकरी झाकून ठेवलीय. तुम्ही माळ्यावर टाकलेली बांगड्यांची पेटी मी शायनाकडून काढून घेतली, तिला रागावू नका.

मागच्या लग्नात मोजताना चुकले, व्हय. बायका बोलत व्हत्या आन् मी मधीच विसरले. आज आधी सगळ्यांना गप बसवीन, मगच भरीन.

डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिसनं मेंदूतल्या तारांवरचं आवरण झिजतंय, म्हणून निरोप उशिरा पोचतो. पोचतच न्हाई, असं न्हाई म्हणाले. परवा ते मला विचारत व्हते आन् उत्तरं तुम्ही देत व्हता. पुढच्या खेपेला गप बसायचं. येळ लागंल, पण उत्तर मीच देणार.

आसमीन