छावणीतली इंग्रजीची वही

सर, तुमच्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की हे लिहायला हरकत नसावी, आणि तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर माझं तोंड तसंही उघडायचं नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावच्या दूध सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली होती आणि आमचं अर्धं घर तिथंच मुक्कामाला होतं. मी, आई आणि दोन गायी. माजलगावकडून ट्रकनं ऊस यायचा, तो तोडून जनावरांपुढे टाकायचा, टँकरचा आवाज आला की घागरी घेऊन पळायचं. दहावीचं वर्ष असून मी आठवड्यातून दोनच दिवस शाळेत जायचे. मग तुम्ही शाळा सुटल्यावर सायकल हाणत छावणीत यायला लागलात. लिंबाखाली पोतं अंथरून मला इंग्रजी शिकवायचात आणि दिवस मावळायच्या आत नांदूरघाटच्या तुमच्या खोलीवर परत जायचात. फी नाही, काही नाही, आईनं केलेला चहासुद्धा कधी घेतला तर घेतला. आमच्या घरात फुकट मिळणारी गोष्ट आधी उलटीपालटी करून बघतात. वडील आईला म्हणाले, "ह्यो मास्तर रोज का म्हून येतोय? त्याला दुसरा धंदा न्हाई का?" आई म्हणाली, "पोरगी शिकायलीय, शिकू द्या की." आईचं बरोबर होतं, पण मी वडिलांची लेक. तुम्ही पाणी प्यायला उठलात की मी तुमच्या पिशवीत डोकावून बघायचे. डबा, सायकलचा पंप आणि एक लांबट वही, एवढंच असायचं.

एकच शब्द तुम्ही महिनाभर घोळवलात. गेट. "ह्यो शब्द म्हंजे खुंटा हाय बघ," तुम्ही म्हणायचात, "नुसता खुंटा बघून कोनाचं जनावर हाय ते कळतं का? दावं बांधलं की कळतं." मग एकेक दावं यायचं. अप लावलं की उठणं, आऊट लावलं की बाहेर पडणं, अवे लावलं की निसटणं, बॅक लावलं की परत येणं. त्यात अँड, बट, बिफोर घालून तुम्ही दोन-दोन वाक्यं एकमेकांना जुंपायचात. वाक्यांसाठी लांब जायची गरज नव्हती, समोर दिसेल ते वाक्यात. शेजारच्या दावणीची तांबडी गाय सुटून पळाली, तर लगेच, द रेड काऊ गॉट अवे, बट शी गॉट बॅक बिफोर इव्हनिंग. एकदा मी गाइडातून पाठ करून आले आणि घडाघड म्हणून दाखवलं, गेट म्हणजे मिळवणे. तुम्ही कधी नव्हे ते चिडलात. "एकट्या शब्दावर भरवसा ठेवायचा न्हाई. शेजारी कोन बसलंय ते आधी बघ, मग बोल." छावणीतली चार माणसं वळून बघायला लागली आणि मला रडू कोसळलं. पण बोलणं मनोमन पटलं. माणसांच्या बाबतीत मी आधीपासून तेच करत होते.

संशय त्या वहीवरून होता. तुम्ही शिकवता शिकवता थांबायचात, दावणीकडे बघायचात आणि काहीतरी लिहायचात. आमच्या छावणीत जनावरांकडे बघून लिहिणारा माणूस कुणालाच नको होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या गायी दोन, नोंद मात्र सातची होती. सात जनावरांचा ऊस आणि पेंड यायची, उरलेली कुठं जायची ते मला माहीत होतं आणि विचारायचं नसतं हेही माहीत होतं. तपासणीचा दिवस वडिलांना आधी कळायचा. ते सोसायटीचे संचालक, त्यांना कळणारच. आदल्या दिवशी आत्याच्या गावाहून पाच जनावरं यायची, कानाला बिल्ले लागायचे आणि तपासणी झाली की परत जायची. आम्ही एकटेच असे नव्हतो, पण सगळ्यांत मोठा आकडा आमचा होता.

ती दुपार मात्र कुणाला आधी कळली नाही. वडील केजला गेलेत, आई टँकरच्या रांगेत उभी आहे, मी लिंबाखाली इंग्रजीचं पुस्तक उघडून बसलेय. तुमची यायची वेळ अजून झालेली नाही. जीप थांबते, तालुक्याचे साहेब उतरतात आणि थेट माझ्याकडे येतात. पुस्तक बघून हसतात. दावणीकडे हात करून विचारतात, "हाऊ मेनी काऊज हॅव यू गॉट?" सर, मला त्यातला प्रत्येक शब्द कळला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी परक्या माणसानं मला इंग्रजीत काही विचारलं होतं, आणि तेही तुमच्या गेटमधलं. मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "वुई हॅव गॉट टू काऊज, सर." ते व्हेरी गुड म्हणाले आणि कागदावर लिहून घेतलं. तुम्ही कधी येता आणि तुम्हाला कधी सांगते असं मला झालं होतं. जीप गेल्यावर कुठं मला नोंदीतला सातचा आकडा आठवला.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. आमचा चारा बंद झाला, सोसायटीची छावणी बंद होणार असं सगळे बोलायला लागले. वडील दावणीपुढे उभे राहून ओरडत होते, "कोनी सांगितलं? घरभेदी कोन हाय त्येचं नाव सांगा मला!" मी मान खाली घालून ऊस तोडत होते. संध्याकाळी तुम्ही आलात, नेहमीसारखे हात धुवायला टाकीकडे गेलात, आणि वडिलांनी तुमच्या पिशवीतून वही काढली. अक्षर इंग्रजी, पण आकडे त्यांना कळत होते. त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "वाच. काय लिवलंय?" मी वाचलं. पाच गायी आत आल्या, पण तीन संध्याकाळच्या आत बाहेर गेल्या. एक बैल निसटला आणि परत आला नाही. मी एकही शब्द खोटा सांगितला नाही. वर ठळक अक्षरात 'एक्सरसाइज, क्लास टेन' लिहिलं होतं आणि प्रत्येक वाक्यापुढे मी भरायच्या रिकाम्या जागा होत्या, तेवढं सोडून सगळं वाचलं. ती वाक्यं तुम्ही माझ्यासाठी रचत होतात हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं होतं.  वडिलांनी वही परत पिशवीत ठेवली आणि ते गेले.

शाळेची संस्था आणि सोसायटी एकाच घरातल्या माणसांच्या हातात होती. आठ दिवसांत तुमची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जायच्या आधी तुम्ही छावणीत आलात. लोकांनी तुमच्याकडे पाठ फिरवली, आई चुलीपुढून उठली नाही. तुम्ही ती वही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "राहिलेल्या जागा भर. तुला समदं येतंय." मला अजून कळत नाही की ही माया होती का टोमणा. तुम्हाला माहीत होतं का? कुणी तुम्हाला सांगितलं होतं का, वही कुणी वाचली ते? मी ते वाक्य इतक्या वेळा उलटून बघितलंय, तरी त्याच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. पुढे काही वर्षांनी तुम्ही वारल्याचं मला एसटी स्टँडवर कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, आणि खरं सांगते, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आता मी त्याच संस्थेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. वडिलांच्या शब्दावर लागले. वडीलही गेले, त्यामुळे आता त्यांच्या नावाचा आडोसा घेता येत नाही. हे पत्र तुमच्या घरी पोचवायची सोय आहे, ते मुद्दाम सांगते. गेल्या जूनमध्ये तुमचा मुलगा त्याच्या लेकीच्या ॲडमिशनला आमच्याकडे आला होता. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, अण्णा लई नाव घ्यायचे तुमचं. छावणीत शिकलेली पोरगी म्हनायचे." मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. चहा संपवून त्यानं विचारलं, "अण्णांची ती बदली कशानं झाली, तुमाला काय ठावं हाय का? त्यांनी कदी सांगितलं न्हाई." मी म्हणाले, मला नाही आठवत, मी तेव्हा फार लहान होते. सर, मी सोळा वर्षांची होते, आणि त्या अख्ख्या छावणीत इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते.