क्लाइव्हने केलेला चहा

हल, मंगळवार

लाडके ओल्वेन,

आम्ही ठीक आहोत. आईला एवढंच वाचून दाखव.

शाळेच्या स्वयंपाकघरात आमच्या वरच्या बाईंनी, ब्रेंडाने, मला आठवड्याला दोन तास काम वाढवून द्यायचं काढलं. मी नको म्हटलं. सरकारने घातलेल्या मर्यादेवर एक पेनी जरी जास्त कमावली, तरी आजारी नवऱ्याला सांभाळण्याचा माझा सरकारी भत्ता सगळाच बंद होतो. ती म्हणते, "जास्तीचा पगार नको म्हणणारी बाई पहिल्यांदाच बघतेय. दुसरीकडे कुठे कामाला जातेस की काय?" आता ही कुणाचे कान भरते कोण जाणे.

काल घरी आले तर क्लाइव्ह दारात उभा. अर्धांगवायू झाल्यापासून पहिल्यांदाच काठीशिवाय, हातात माझ्यासाठी चहा. आणि मी काय केलं? आधी दार लावलं, मग पडदा ओढला. समोरच्या जोनने बघितलं असलं तर? तो बरा दिसला की त्याचा अपंगत्वाचा भत्ता जाणार, पाठोपाठ माझाही. त्याला अंघोळ अजून मीच घालते, ते खिडकीतून कुणाला दिसतं?

तो म्हणाला, "चोरून आणलेला नाही गं. पी."

आईचे गुडघे कसे आहेत? क्लाइव्ह चालला, हे मात्र तिला सांगू नकोस. आनंदाच्या भरात गावभर सांगत सुटेल.

तुझीच ताई,
नेरिस