आईच्या हातची सही

प्रिय देर्लिसदादा,

रविवारची दुपार आहे. आई आत आडवी झालीय, पण झोपलेली नाही. खाट करकरते तेवढ्यावरून कळतं. मी अंगणात आंब्याखाली बसलेय. शेजारी तेरेरेच्या गार चहाचा थर्मास आहे आणि प्यायला दुसरं कोणी नाही. तू ब्युनोस आयर्सला गेलास त्याला सहा वर्षं झाली, तुझा शेवटचा फोन येऊन दोन. बाबांच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही तू आला नाहीस, तेव्हा आई फोनवर ओरडली होती, "आता येऊच नकोस!" जन्मात तू तिचं कधी काही ऐकलं नाहीस, हे मात्र ऐकलंस. मग तुझा नंबरच बंद झाला. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी आहे: तू जिवंत आहेस की नाही, एवढं कळायला हवं. सीमेपलीकडून परतलेल्या प्रत्येक गवंड्याला ती गाठते. त्याच्या हातावर भट्टीतून नुकताच काढलेला चीजचा पाव, आपली चिपा, ठेवते आणि मग विचारते. ते बिचारे खातात आणि नकारार्थी मान हलवतात.

मी पास झाले हे तुला कोणी सांगितलं का? आपल्या घरातली पहिली पदवी. भट्टीवर गिऱ्हाईक असलं की आई मुद्दाम हाक मारते, "ओ पदवीधरबाई, जरा लाकडं सरकवा!" आता मी आसुन्सिओनला त्या कार्यालयात आहे, जिथे देशातल्या वेबसाइटांची नावं नोंदली जातात. एकाच्या मालकीचं नाव दुसऱ्याच्या मालकीचं करायचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. पहिल्याच महिन्यात अंध मुलांच्या एका शाळेचं नाव कोणीतरी खोट्या कागदावर पळवायला निघालं होतं. आमच्या वरिष्ठ मिर्ताबाईंनी फक्त सही बघून ते पकडलं. त्या दिवसापासून माझा या नियमांवर जीव आहे. हसू नकोस. ज्याच्याकडे वकील नाही, ओळख नाही, त्याच्या बाजूने निदान एक नियम तरी उभा असतो, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं, म्हणून तर सगळा घोळ झालाय.

आईच्या नावाने 'चिपा ब्लासिदा'ची वेबसाइट तू केलीस तेव्हा नाव तुझ्याच नावावर नोंदवलंस. ठीकच होतं, घरात दुसऱ्या कोणाला ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण त्यावर अजून तुझा जुना नंबर आहे. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, चिपाच्या ऐन हंगामात, लोकांनी त्या मेलेल्या नंबरावर फोन केले आणि शेवटी हमरस्त्यावरून चिपा घेतल्या. बदल तुझ्याशिवाय कोणाला करता येत नाही. जानेवारीत आई पीठ मळत असताना मी तिला हे समजावत होते. एक चिपा म्हणजे जुना मालक, दुसरी म्हणजे नवा, मधलं फडकं म्हणजे आमचं कार्यालय. जुन्या मालकाची सही त्याच्या ओळखपत्राशी ताडून बघायची. सही जुळो न जुळो, त्याला विचारायचंच: हा अर्ज तुम्हीच केलात का? नव्याचीही संमती हवी. नाव बदललं तरी साठ दिवस ते पुढे कुठे हलवता येत नाही, म्हणजे चोराला पळून जायला वेळ मिळत नाही. आई एरवी माझं बोलणं अर्धं ऐकते. त्या दिवशी तिने पीठ मळायचं थांबवलं.

"आणि तो जुना मालक सापडलाच नाही तर?"

"मग कार्यालय शोधतं. ईमेल, फोन, वकिलातीला पत्र. तीस दिवस."

"शोधावंच लागतं तुम्हाला?"

"लागतंच. नियम आहे."

"बरं," म्हणाली आणि जुन्या मालकाची चिपा उचलून खाल्ली.

मार्चमध्ये एका मंगळवारी अर्ज आला. देणारा देर्लिस, घेणारी ब्लासिदा. खाली तुझी सही. दादा, ती सही लिहिलेली नव्हती, काढलेली होती, फुलाचं चित्र काढावं तशी. प्रत्येक अक्षर सुटं, आणि शेवटचा 'एस' खालून वर नेलेला. जगात तो असा एकच बाई काढते, कारण स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीच तिला शिकवला होता आणि माझ्या लक्षात आल्यावरही दुरुस्त केला नव्हता.

मी अर्ज गुपचूप परत पाठवू शकले असते. मी तो मिर्ताबाईंकडे नेला आणि सांगितलं, ही माझी आई, आणि ही सही माझ्या भावाची नाही. त्यांनी चष्मा काढला. "मग आता तू या फाइलला हात लावायचा नाहीस. आणि यातलं घरी एक अक्षर बोलायचं नाही." मी हो म्हणाले. दोन्ही गोष्टी मला योग्यच वाटल्या.

गेल्या रविवारी घरी आले तर आई वाटच बघत होती. माझ्याच तोंडून सुरुवात झाली: ही खोटी सही आहे, याला गुन्हा म्हणतात. "गुन्हा?" ती म्हणाली. "तुझ्या शाळेच्या कागदांवर माझ्या सह्या कोण करत होतं? देर्लिस! दर महिन्याला! तेव्हा कुठे होता गं तुझा नियम?" आपल्या घरात ज्याला लिहिता यायचं तो सगळ्यांसाठी सही करायचा, त्याला कोणी खोटं म्हणायचं नाही. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ते नाव जाऊ दे. मला काय करायचंय नाव? सापडला का तो?"

त्यासाठीच केलं होतं तिने. सगळं.

आणि मला माहीत होतं. निकाली निघालेल्या अर्जांची यादी गुरुवारीच सगळ्यांच्या टेबलावर आली होती: 'विद्यमान मालकाने नकार दिला.' अर्जदाराला मात्र फक्त 'नामंजूर' एवढंच कळवतात, कारण सांगत नाहीत. मी भट्टीकडे बघत म्हणाले, "मला सांगता येत नाही, आई." तिने माझा चेहरा वाचला, आणि चुकीचा वाचला. आठवडाभर फोनवर हवापाण्याचंच बोलली. आज सकाळी मिस्सा संपल्यावर ती बाजूच्या दारातून पाद्रीबाबांकडे गेली, आणि का गेली ते मला उशिरा कळलं. सोमवारच्या मृतांच्या प्रार्थनेसाठी तुझं नाव द्यायला. पाद्रीबाबांचं वहीत 'देर्लि' एवढं लिहून झालं होतं. मी त्यांचा हात धरला, दादा. सगळ्यांसमोर ओरडले, "जिवंत आहे तो! त्यानेच नकार दिलाय!" आई तिथेच बाकावर बसली. हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "पण नकार म्हणजे काय म्हणाला?"

म्हणून हे पत्र. 'हा अर्ज तुम्ही केलात का?' या प्रश्नाला तू 'नाही' म्हणालास, ते खरंच होतं, अर्ज तू केलाच नव्हतास. पण आईचं नाव वाचून म्हणालास, की न वाचता, हे आमच्या फाइलमध्ये कुठेच नाही. नकार देणाऱ्याला सध्याचा पत्ता भरावा लागतो. परवा शुक्रवारी मिर्ताबाई जेवायला गेल्या तेव्हा मी ती फाइल उघडली आणि तुझा पत्ता उतरवून घेतला. त्या शाळेचं नाव पळवणारा माणूसही असाच कोणाची तरी फाइल उघडून बसला असेल. उद्या सकाळी मी बाईंना स्वतः सांगणार आहे. पाकिटावर पत्ता लिहिताना माझ्या हातात तोच कागद आहे. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहू नये असंही एक मन म्हणतं. ते माझं मी बघेन. वेबसाइटचं नाव दे किंवा ठेव, त्यासाठीही हे लिहीत नाहीये. आईचा नवा नंबर खाली आहे. ती अजून जागीच आहे आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तू दे.

तुझीच, आणि हे लिहिताना कोणाचीही सही न गिरवलेली,
अनालिया