हौसाबाईंचं गाणं

तळेघर, श्रावणातला मंगळवार, दिवेलागण

शेवटची एसटी गेली, म्हणून शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय. धुकं इतकं उतरलंय की समोरची भातखाचरं दिसत नाहीत. तरी तिकडे कुणीतरी गातंय असं सारखं वाटतंय.

आवणीच्या वेळी चिखलात वाकून रोपं लावता लावता हौसाबाईंनी म्हटलेलं गाणं मी मोबाईलवर घेतलं होतं. शाळेच्या अंकात छापायचं म्हणून रविवारी कळंबला घरी बसून कागदावर उतरवलं. पण हातात लाल पेन! ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’. चाल अडली तिथे सरळ दुसरा शब्द घातला. तीस वर्षं मराठी शिकवल्यावर हात ऐकतो थोडाच? उलट वाटलं, गाण्याचं भलंच केलं.

आज त्यांच्या ओसरीवर बसून ते वाचून दाखवलं. त्या नाचणी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. इतकं मन लावून माझ्या वर्गात कधी कुणी ऐकलं नसेल.

"लई ग्वाड हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "कुनाचं म्हनायचं हे?"

खरंच ओळखलं नसेल? की मला सांगायची एक संधी दिली? सूप पुन्हा वाजू लागलं, आणि त्या तालावर त्या आपलंच गाणं गुणगुणू लागल्या, लाल पेन न लागलेलं. आत्ता धुक्यातून येतंय तेच.

मी काय उत्तर दिलं, ते लिहायलाच हवं.

"एका पुस्तकातलं आहे."

वाक्यात एकही चूक नव्हती.